पुढचा आवाज

भंतेंना जिना चढायला बराच वेळ लागला. प्रत्येक पायरीवर ते दोन्ही पाय टेकवायचे, भिंतीला हात लावायचे, श्वास घ्यायचे आणि मगच पुढची पायरी. त्यांच्यामागं बाई होत्या. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आयुष्य काढून आता विहाराची सगळी व्यवस्था बघणाऱ्या. कापडात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं आणि दुसरा हात भंतेंच्या पाठीमागं हवेत ठेवला होता. भंतेंना हात लावायचा नाही, पण पडले तर सावरायचं, असा तो हात.

वर दार उघडून ती उभी होती. घराच्या मागच्या खोलीत तिचं रेकॉर्डिंगचं काम चालायचं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी फळीनं बंद केलेली, मधे एक माइक, कोपऱ्यात तिचं टेबल आणि कॉम्प्युटर. दुकानांच्या जाहिराती, शाळांच्या संमेलनाची गाणी, असलं काम यायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याच्या ओळखीनं तिचा स्वतःचा आवाज शहरातल्या कितीतरी लिफ्टमध्ये जाऊन बसला होता. "दार बंद होत आहे." सासूबाई म्हणायच्या, घरी सून, लिफ्टमध्ये पण सून, माणसानं जायचं कुठं.

बाईंनी काम आधीच समजावलं होतं. भंतेंना एक फार लांब सुत्त, म्हणजे धम्माच्या उपदेशाचं पाली वचन, पाठ होतं. शब्द पुस्तकात छापलेले होतेच. पण म्हणायची जी रीत, कुठं सूर उचलायचा, कुठं श्वास घ्यायचा, कुठला शब्द ओढायचा, ती भंते ज्या विहारात लहानाचे मोठे झाले तिथली होती. तो विहार आता राहिला नव्हता. बरोबरीचे सगळे गेले. आणि डॉक्टरांनी भंतेंच्या फुप्फुसांबद्दल जे सांगितलं ते बाईंनी नुसतं मान हलवून सांगितलं.

भंते खोलीत आले, बसले, आणि म्हणाले, "अजून एक खुर्ची मिळेल? हिच्यापेक्षा जरा उंच."

"पुस्तक ठेवायला?"

"नाही. पुस्तक बाईंकडं राहू दे. खुर्ची माझ्या समोर ठेव. वर काहीतरी स्वच्छ अंथर."

तिनं स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली, तिच्यावर धुतलेली पांढरी चादर घडी करून घातली. भंतेंनी त्या रिकाम्या खुर्चीला हात जोडून नमस्कार केला. मग त्यांचं लक्ष जमिनीवरच्या केबलकडं गेलं.

"माझे शब्द यातून जातात?"

"हो. माइकमधून निघतात ते थेट इकडं."

"मग ही तार ओलांडू नका."

बाईंनी लगेच समजावलं. धम्माचं पुस्तक जमिनीवर ठेवत नाहीत, त्याच्यावरून पाय टाकत नाहीत, तसंच हे. तिला ते बरोबर वाटलं, पण गंमतही वाटली. तारेतून काय, सकाळीच गाद्यांच्या दुकानाची जाहिरात गेली होती. तरी तिनं केबल भिंतीकडेनं फिरवून घेतली. तिच्या माहेरी मूर्ती होती, ती पुसायची तेवढी तिची भक्ती. पुढं लग्न झालं आणि पुसायचंही राहिलं.

भंतेंनी डोळे मिटले. पहिली ओळ सुरू करायच्या आधी ते किंचित थांबले, जणू कुणाला तरी आधी बोलू देत होते. मग म्हणायला लागले. आवाज जुना होता पण तुटत नव्हता. आणि प्रत्येक ओळीआधी तेच, बारीकसं थांबणं. दम लागत असेल, असं तिला वाटलं.

त्या दिवशीचं काम संपवून दोघं गेल्यावर सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "चहा एकालाच का दिलास?"

सासूबाईंची नजर अधू झाली होती. दिवसभर त्या खिडकीशी स्टुलावर बसून कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि कानांनी घर सांभाळायच्या.

"दोघांनाही दिला की. भंतेंना आणि बाईंना."

"बाईंचं नाही म्हणत. म्हणणारे दोघं होते ना? एक म्हातारे आणि एक त्यांच्याहून म्हातारे."

"एकटेच होते, आई."

"असतील," सासूबाई म्हणाल्या आणि उशीच्या अभ्र्याची घडी घातली. त्यांना पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्डिंग साफ करायला बसली. कुठं खुर्ची कुरकुरली, कुठं खोकला आला, ते काढायचं. हेडफोन घातले. भंतेंची ओळ सुरू झाली, आणि तिच्या आधी, फार बारीक, तीच ओळ तिला ऐकू आली.

तिनं मागं जाऊन पुन्हा ऐकलं. होती. खोल, घोगरी, सावकाश. तोच सूर, तेच शब्द, पण भंतेंच्या जरासं आधी. भंते जिथं थांबत होते त्या जागेत ती सुरू व्हायची आणि मग भंते तिच्यामागून चालायला लागायचे. पडद्यावर आवाजाच्या आकृतीतही ते दिसत होतं. प्रत्येक मोठ्या फुगवट्यापुढं एक लहान, पुसट फुगवटा, पुढं पडलेल्या सावलीसारखा.

आधी तिनं सगळी कारणं शोधली. प्रतिध्वनी म्हणावा तर प्रतिध्वनी मागून येतो, हा आधी येत होता. हेडफोनमधून गळती म्हणावी तर भंतेंनी हेडफोन घातलेच नव्हते. नवऱ्याला हाक मारून वायरिंग तपासायला लावलं. त्यानं सगळं मोजून पाहिलं, प्लग काढून परत लावले, मग हेडफोन कानाला लावून जरा वेळ ऐकलं आणि खाली ठेवले.

"अर्थिंग ठीक आहे," तो म्हणाला. त्यानं पेचकस पिशवीत टाकला. "मी संध्याकाळी आईजवळ बसतो. तू या खोलीत फार वेळ एकटी बसू नकोस."

भंते येत राहिले, सुत्त पुढं सरकत राहिलं. त्यांच्यासमोर खुर्ची आणि चादर तशीच असायची. एकदा मधल्या वेळेत जाहिरात म्हणायला एक जण आला. चांगला बडबड्या माणूस. आत आला, खुर्चीकडं गेला, बसायला वाकला आणि तसाच सरळ झाला.

"इथं कुणी बसलंय का?"

"नाही. बसा ना."

"नको, मी उभ्यानंच म्हणतो," तो म्हणाला. त्यानं भिंतीला पाठ लावून जाहिरात म्हटली आणि चहा न घेता गेला.

तिनं तो पुसट आवाज काढून टाकायचा प्रयत्न केला. जमत नव्हतं असं नाही. पण तो काढला की भंतेंचा आवाज पोकळ व्हायचा. शब्द तेच, सूर तोच, तरी आधार काढून घेतलेल्या वेलीसारखं ते मधेच लोंबायचं. ती पुन्हा सगळं होतं तसं करायची. कान दुखेपर्यंत ऐकायची. भांडी घासताना ओळी तोंडात यायच्या. अर्थ कळत नव्हता, पण जिभेला वळण माहीत झालं होतं.

एका सकाळी बाई एकट्याच आल्या, छापील शब्दांशी रेकॉर्डिंग ताडून बघायला. पुस्तक उघडून त्यांनी उंच स्टुलावर ठेवलं. ती शेजारी बसून काहीतरी गुणगुणत होती. बाईंचं बोट पानावर थांबलं.

"हे कुठून आलं तुला?"

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते." बाईंनी पुढची बरीच पानं उलटली आणि एक ओळ दाखवली. "भंते अजून इथपर्यंत आलेलेच नाहीत."

ती ओळ तिनं कधी ऐकली नव्हती. निदान भंतेंच्या तोंडून तरी नाही. तिनं हेडफोन बाईंना दिले.

बाईंनी ऐकलं. शाळा चालवलेल्या बाईचा चेहरा, सहज बदलणारा नव्हे. पण हेडफोन काढून त्यांनी आधी पुस्तक मिटून घेतलं.

"हे काढून टाक."

"काढलं की भंतेंचा आवाज बिघडतो."

"बिघडू दे. शब्द पवित्र आहेत. हा गोंगाट आहे. विहारातली मुलं हे ऐकून शिकणार आहेत, त्यांच्या कानात मी असलं काही घालणार नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आणि भंतेंना यातलं काही सांगू नकोस. त्यांना झेपणार नाही."

तिनं हो म्हटलं. पण पुढच्या वेळी भंते आले, त्यांनी खुर्चीला नमस्कार केला, डोळे मिटले आणि तसेच थांबले, तेव्हा तिला राहवलं नाही.

"भंते, प्रत्येक ओळीआधी तुम्ही कुणासाठी थांबता?"

बाईंनी तिच्याकडं रागानं पाहिलं. भंतेंनी डोळे उघडले.

"माझ्या गुरूंसाठी," ते म्हणाले. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. "पुस्तक हातात यायच्या वयाचा मी नव्हतो तेव्हापासून त्यांच्यामागं बसायचो. ते ओळ म्हणायचे, मी मागून धरायची. सुत्त हे असंच येतं, तोंडातून कानात. ज्यानं सांगितलं त्यानंही ते कुणाकडून तरी ऐकलेलंच असतं. गुरू आजारी पडले तेव्हा म्हणाले, आपण म्हणू. मी उशाशी बसलो. बरंच म्हणून झालं. मग एका ओळीला ते बोलेनात. मी थांबलो. माझी रीतच ती, त्यांनी आधी म्हणायचं. मी थांबूनच राहिलो. शेवटी दुसऱ्यांनी येऊन मला सांगितलं की ते गेले, आता ऊठ. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी जागा सोडत आलो. मोकळी जागा, दुसरं काही नाही."

"ती मोकळी नाही, भंते," ती म्हणाली.

बाई उठून उभ्या राहिल्या. पण भंतेंनी हात पुढं केला होता. तिनं हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले आणि पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं.

भंते ऐकत राहिले. सुरुवातीला त्यांचे ओठ मागून हलत होते, लहान मुलासारखे. मग हलायचे थांबले. बाहेरच्या खोलीत सासूबाई कुठलासा कपडा झटकत होत्या, तेवढाच आवाज. बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ते आनंदतील असं तिला वाटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती.

"ते अजून इथंच आहेत?" ते म्हणाले.

"भंते, यंत्रात काहीतरी होतं," बाई म्हणाल्या. "किंवा आपल्याला भास होतो. सगळ्यांना एकदमही होतो भास."

"असू दे भास. तो धरून कुणी ठेवलाय? मीच ना?" त्यांचा श्वास जड झाला होता. "जन्मभर ते मला एकच शिकवत होते. सोड. घट्ट धरू नकोस, चांगलंही धरू नकोस. मी चादर अंथरून, नमस्कार करून त्यांनाच बांधून ठेवलं. आणि त्याला भक्ती म्हटलं."

भंते बराच वेळ खुर्चीकडं बघत होते. मग त्यांनी वाकून, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केला, रोजच्याहून मोठा. उठायला त्यांना वेळ लागला.

"ही खुर्ची आता बाहेर ने," ते तिला म्हणाले.

तिला हात लावायची भीती वाटली. बाईही पुढं आल्या नाहीत. शेवटी तिनं खुर्ची उचलली. नेहमीएवढीच हलकी होती. बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली आणि वळते तोवर सासूबाई चाचपडत आल्या आणि चादरीसकट तिच्यावर बसल्या.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "त्या स्टुलावर कंबर मोडून गेली माझी."

दारातून बघणाऱ्या बाईंचा जीव कासावीस झाला. "आजी, उठा, त्यावर—"

"बसू द्या त्यांना," भंते आतून म्हणाले. "खुर्चीच आहे." त्यांचा आवाज हसत होता की रडत होता, ते कळलं नाही.

मग त्यांनी तिला आपल्या मागं बसायला सांगितलं.

"आज मी आधी म्हणणार. कुणीतरी मागून धरणारं पाहिजे, नाहीतर मी पुन्हा थांबेन. तू धर."

"मला येत नाही, भंते. बाई बसल्या तर…"

"बाईंना पुस्तक येतं. तुला ऐकू येतं. बस."

तिनं मशीन सुरू करून ठेवलं आणि ती त्यांच्या मागं जमिनीवर बसली. समोर त्यांची वाकलेली पाठ, तिच्यापलीकडं खुर्ची होती तिथं आता नुसती फरशी. भंतेंनी डोळे मिटले. आणि सवयीनं थांबले.

थांबणं लांबलं. हेडफोन नव्हते, काही नव्हतं, तरी तिला स्पष्ट ऐकू आलं. समोरच्या मोकळ्या फरशीवरून कुणीतरी ओळ सुरू करायला श्वास आत घेतला. बाईंनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हातांनी पुस्तक घट्ट धरलं. भंतेंची पाठ ताठ झाली. त्या श्वासाचा शब्द व्हायच्या आत त्यांनी ओळ म्हटली. मोठ्यानं, उघड्या आवाजात, आजवर म्हटली नव्हती तशी.

तिनं मागून धरली. शब्द जिभेवर होतेच.

पहिल्या काही ओळी भंते धडपडत म्हणाले, कठडा नसलेल्या जिन्यावरून उतरावं तसे. पुढं चाल सापडली. शेवटपर्यंत ते कुठंही थांबले नाहीत. तिनं भंतेंच्या आधीच गुणगुणलेली ती ओळही त्यात आली आणि गेली. संपल्यावर खोली नुसती खोली होती. गाद्या, माइक, फळीमागून येणारा रस्त्याचा आवाज.

तिनं तिथल्या तिथं ऐकून पाहिलं. भंतेंचा आवाज, मागून तिचा कच्चा आवाज. पुढं काही नाही. मग तिनं जुनी रेकॉर्डिंग लावून पाहिली. तिथं तो होता, तसाच, प्रत्येक ओळीच्या पुढं.

"ती सगळी पुसून टाक," भंते म्हणाले.

आता बाईंचा आवाज चढला. "भंते, परत म्हणायची ताकद नाही तुमच्यात. हे गेलं तर तुमचा आवाज गेला. तुमच्या गुरूंची रीत गेली. आपण फाटलेलं पानसुद्धा टाकत नाही, कापडात बांधून ठेवतो, आणि तुम्ही…"

"तुम्ही जपता ते बरोबर आहे," भंते म्हणाले. "तार ओलांडू नका असं मीच सांगितलं होतं. पण ते तारेसाठी नव्हतं. पाय उचलताना माणसानं जरा भानावर यावं, एवढ्यासाठी. भान गेलं आणि तारच राहिली तर काय करायची ती?"

बाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या.

तिनं फाइली निवडल्या. बोट बटणावर ठेवलं तेव्हा तिला वाटलं, आपण कुणाला तरी खोलीतून जा म्हणतोय. इतके दिवस या आवाजाची भीती वाटली होती आणि आता त्याचीच सवय झाली होती. तिनं भंतेंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं बटण दाबलं.

भंते त्यानंतर फार जगले नाहीत. शेवटी जवळ बाई होत्या. भंतेंनी पठणही करू दिलं नाही, म्हणाले, सगळं म्हणून झालंय. बाईंनी हे तिला फोनवर सांगितलं, कोरडेपणानं, आणि फोन ठेवला. त्यांचा राग गेला नव्हता. शेवटच्या दिवसाचं रेकॉर्डिंग तेवढं विहारात राहिलं, सुत्ताचा शेवटचा तुकडा, त्यात तिच्यासारख्या लिफ्टवालीचा आवाज मिसळलेला. बाईंनी तो काढून मागितला नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी बाई जिना चढून आल्या. भंते चढायचे तशाच, पायरीपायरीला थांबत. पुस्तक छातीशी होतं. आत येऊन त्या म्हणाल्या, "तू पहिल्या दिवसापासूनचं सगळं ऐकलं होतंस. किती वेळा ऐकलंस?"

"पुष्कळ वेळा."

"म्हणून बघ."

"चुकेल."

"चुकलं तर मी सांगेन. आयुष्यभर तेच काम केलंय."

त्या दोघी मागच्या खोलीत बसल्या. तिनं सुरुवात केली. बाईंचं बोट पानावरून सरकत होतं. एका ठिकाणी बाईंनी तिला थांबवलं, एक अक्षर सुधारलं आणि पुढं जा म्हणाल्या. काही पानं झाल्यावर बोट थांबलं. बाईंनी पुस्तक मिटून स्टुलावर ठेवलं, उठल्या, तिच्या मागं जाऊन बसल्या आणि मागून धरायला लागल्या. त्यांचा सूर वाईट होता. त्यांनाही ते माहीत होतं.

आता दर आठवड्याला त्या येतात. सासूबाई बाहेरच्या खोलीतून ऐकतात, मधेच झोपी जातात. ती पुढं बसते, डोळे मिटते आणि कधीकधी, ओळ सुरू करायच्या आधी, नकळत थांबते. फार नाही. एखाद्याला आधी बोलू द्यावं तेवढंच.

"कुणासाठी थांबलीस?" बाई मागून विचारतात.

"कुणासाठी नाही," ती म्हणते. एखाद्या दिवशी ते खरं असतं. बाकीच्या दिवशी ती घाईघाईनं पहिला शब्द उच्चारते, समोरून श्वास ऐकू यायच्या आत.